कडेची ओळ

मुंबईच्या एका दवाखान्यात एमआरआयच्या खोलीबाहेर मी पेशंटच्या अंगावरच्या धातूच्या वस्तू काढून घेतो. आठवीत शाळा सुटलेल्या देऊळगाव राजाच्या माणसाला हे काम दिलं, याबद्दल मी रोज हात जोडतो आणि ते जाईल म्हणून रोज घाबरतो.

एकदा खामगावकडचे एक काका आले. त्यांच्या हृदयाचा एक तुकडा निकामी झाला होता. एमआरआयच्या चित्रात बघत सुईने तिथे मूळ पेशी सोडायच्या, असा प्रयोग होता. जिल्हा एकच म्हणून डॉक्टरांनी मला समजावायला बसवलं. निम्म्या लोकांना पेशी, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते सांगणार नाहीत. काका चिडून निघून गेले असते, तर बोलणी मलाच बसली असती.

काका दवाखान्याच्या सदऱ्याचा धागा चिमटीत ताणत होते. "सुती नाही, मिक्स हाये," म्हणाले. मग विचारलं, "बीटी कपाशीच्या पाकिटात साध्या सरकीची पुडी येते ना बे, कडेनं लावाची?"

"आम्ही फेकून द्यायचो, काका."

"समदेच फेकत. अळीले साधं खाले ठेवलंच नाही, म्हून ते बीटीले सरावली. कोणीतरी कडेची ओळ व्हा लागते."

त्यांनी सही केली आणि करदोड्याची किल्ली माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी किल्ली परत बांधताना त्यांनी विचारलं, "पडद्यावर तुले दिसलं का, पेशी का पाणी?"

"काचेतून सुई दिसली. आत काय सोडलं, ते नाही."

"मंग पेरणी बराबर झाली," काका म्हणाले. "बी वर दिसलं, तं पाखरं खातात."