कापसाचं पोट

मावशी कुणाच्याही पहिल्यांदा डोळ्यांत भरत त्या नाटक कंपनीच्या कपड्यांच्या खोलीत, दारातून आडव्या होऊन आत शिरताना. तोंडात टाचण्या आणि दोन्ही काखांत एकेक कापसाचं पोट. अंगाने स्वतः चांगल्या भरलेल्या. काटकुळ्या नटांना जाड दिसण्यासाठी पोटं शिवून देणं हे त्यांचं काम. सगळी कंपनी त्यांना मावशी म्हणे. सख्खी भाची एकच होती, त्यांच्याकडेच राहणारी, शाळकरी, गोलमटोल.

कंपनीच्या लेखकाच्या कल्पनेला म्हणे कुंपण नव्हतं. त्याच्या नाटकांत डोंगर बोलत, घोड्यांना पंख फुटत. पण जाड माणूस आला की कल्पना तिथेच बसकण मारी. खादाड राजा, घोरणारा पहारेकरी, नाहीतर मायाळू आचारीण. घोडा उडे, जाड बाईवर मात्र कुणाचा जीव जडत नसे.

नव्या नाटकात राजकन्येला जाड होण्याचा शाप होता. शेवटी राजपुत्र हात धरणार, ती दोऱ्याचं टोक ओढणार आणि पोट गळून पडणार.

"त्याला ती आवडलीय ना? मग शाप उतरवायचा कशाला?" मावशींनी लेखकाला विचारलं.

"मावशी, ते आतल्या सौंदर्याचं प्रतीक आहे."

"आतलं आहे तर आतच राहू दे की."

"मनाला लावून घेऊ नका हो. आम्ही जाडेपणाचा सन्मानच करतोय. दोन अंक ती जाडच आहे."

महिनाभर भाची अर्ध्या ताटावरून उठत होती, आणि पहिल्या खेळाला ती पुढेच बसणार होती. हे तिने बघायचं? मावशींनी ओढताच सुटणारा धावदोरा उसवला, पोटाला चहूबाजूंनी पक्की टीप मारली आणि एक टोक नुसतंच लोंबतं ठेवलं.

खेळात राजकन्येने टोक ओढलं. ते हातात आलं, पोट जागच्या जागी. राजपुत्राची पाचावर धारण बसली. पाठ होतं तेवढंच तो बोलला, "अहाहा, काय हे रूप!" लग्न लागलं, पडदा पडला, टाळ्या झाल्या.

लेखक तणतणत आत आला. "शाप उतरलाच नाही."

"कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले का?"

घरी जाताना भाची म्हणाली, "राजपुत्र अगदीच बावळट होता."

"तिने तरी काय बघितलं त्याच्यात," मावशी म्हणाल्या.

कंपनीने त्यांना काढलं. हल्ली त्या घरीच पडदे आणि अभ्रे शिवतात. भाची कधी पोटभर जेवते, कधी नाही.