बोटीवरच्या संडासाचा व्हॉल्व्ह

समुद्र माणसाचा खरा स्वभाव उघडा करतो. हे वाक्य मी माजी सैनिकांच्या सत्कारांत बऱ्याचदा ऐकलं आहे. बोलणारे बहुधा कुठल्या तरी संस्थेचे संचालक असतात आणि समुद्राशी त्यांची ओळख अलिबागच्या रिसॉर्टपुरती असते. तरी वाक्य खोटं नाही. फक्त स्वभाव उघडा होण्याची जागा त्यांना वाटते तशी डोलकाठीपाशी नसते. ती केबिनच्या पुढच्या अंगाला असते, गावाकडच्या मोरीपेक्षा लहान असते, आणि तिच्या दाराची कडी नीट लागत नाही.

मी बारामतीजवळच्या सांगवीचा. इंजिनिअर रेजिमेंटमध्ये होतो. पूल बांधणं, सुरुंग काढणं, फौजेला नदी ओलांडून देणं हे आमचं काम. पाण्याची भीती मोडावी म्हणून आमच्यातल्या काही जणांना शिडाची बोट चालवायला शिकवत. एका हिवाळ्यात मुंबई ते कोची अशी सेलिंग एक्स्पिडिशन निघाली. क्रू चौघांचा. स्किपर मेजर ग्रेवाल, पंजाबातले. त्यांच्या हाताखाली सुभेदार पिल्ले, केरळचे. मग मी, हवालदार. आणि नाईक दत्ता खरात, इंदापूर तालुक्यातला.

दत्ता आणि मी एकाच कालव्यावरचे. सांगवी वरच्या अंगाला, दत्ताचं गाव शेपटाला. आमच्याकडून उरेल ते पाणी त्यांच्याकडे जायचं, आणि ते फारसं उरायचं नाही. हे त्याने मला कधी विसरू दिलं नाही. मेसमध्ये मी पाण्याचा जग त्याच्याकडे सरकवला की म्हणायचा, “राहू द्या अण्णा. बारामतीकराच्या हातनं पाणी आलं तर आमाला पचायचं न्हाय.”

मुंबईला आम्हाला झेंडा दाखवायला बँड होता, जनरलसाहेब होते आणि भाषण होतं. भाषणात शौर्याचा उल्लेख अनेकदा आला. संडासाचा उल्लेख सुभेदारसाहेबांनी बंदर मागे पडल्यावर केला.

नौकानयनात संडासाला ‘हेड’ म्हणतात. आत परातीएवढं भांडं, त्याच्या बाजूला हातपंप, आणि खाली एका झाकणाआड दोन व्हॉल्व्ह. एकातून समुद्राचं पाणी आत येतं, दुसऱ्यातून सगळं बाहेर जातं. बसण्याआधी दोन्ही उघडायचे, झाल्यावर पंप मारायचा, मग दोन्ही बंद करायचे. कारण बोट त्या बाजूला कलली की भांडं समुद्राच्या पातळीखाली जातं. “बंद नहीं किया तो समंदर अंदर आएगा,” सुभेदारसाहेब म्हणाले. दत्ताने “जी साब” म्हटलं. ते त्याला कळलंही होतं.

शिडाची बोट सरळ उभी राहत नाही. आत बसणाऱ्याने एक पाय समोरच्या भिंतीला लावायचा, एका हाताने कठडा धरायचा, आणि उरलेल्या हाताने सगळं करायचं. फळीपलीकडे स्किपर चहा पीत असतो. त्याला सगळं ऐकू येतं. मला जमलं. राजस्थानात उघड्या चरावर रांगेने बसून माझी लाज आधीच संपली होती. दत्ताला जमेना. त्याने पहिल्या दिवशी भांड्यावर उकिडवं बसून पाहिलं. लाट आली तेव्हा तो दारासकट बाहेर आला आणि सुभेदारसाहेबांच्या पायांशी थांबला. त्यानंतर तो आत जायचा, उभा राहायचा आणि परत यायचा.

तिसऱ्या दिवशी त्याने जेवण सोडलं. आत काही गेलं नाही तर बाहेर यायचा प्रश्न येणार नाही, असा त्याचा हिशेब होता. त्याला बसवेना आणि झोपवेना. पुढच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत त्याच्या येरझाऱ्या चालायच्या. बांधलेल्या गाठी सोडायचा, पुन्हा बांधायचा. दोर ताणायच्या कोरड्या विंच पुसायचा. एवढ्याशा बोटीवर एकाला चैन नसली की कुणालाच नसते. मी वॉचवर होकायंत्राकडे बघत असायचो आणि कान त्याच्या पावलांकडे लागलेले असायचे. मेजरसाहेब नकाशा उघडायचे आणि पुन्हा मिटायचे.

शेवटी त्यांनी मला बोलावलं. रत्नागिरीपर्यंत मोकळा झाला नाही तर उतरवणार, म्हणाले. भर समुद्रात याच्या पोटात काही झालं तर ते काय करणार होते? निर्णय बरोबर होता. मी दत्ताला सांगितला.

गावात त्याच्या वडिलांनी, तात्यांनी, स्टँडवर फ्लेक्स लावला होता. दत्ता युनिफॉर्ममध्ये आणि मागे जहाज. फ्लेक्सवाल्याला शिडाची बोट सापडली नव्हती, म्हणून त्याने तेलाचा टँकर लावला होता.

“रत्नागिरीवरनं यष्टीनं घरी जाऊ व्हय?” दत्ता म्हणाला. “आन लोकास्नी काय सांगू, कशापायी उतरवलं?”

गोळी लागून परतलेल्या माणसाला गाव विचारत नाही, सगळ्यांना दिसतं. याच्यासाठी तशी काही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. मी मेजरसाहेबांकडे परवानगी मागितली, की बॅटरी चार्ज करायला इंजिन चालू करतो आणि सगळ्यांनी वर डेकवर यावं. इंजिन केबिनच्या पायऱ्यांखालीच होतं. ते चालू असताना खाली माणूस ओरडला तरी वर कळत नसे.

“कितनी देर?” त्यांनी विचारलं.

“जितनी लगे, सर.”

दत्ता खाली गेला. आम्ही तिघे क्षितिजाकडे असे बघत राहिलो, जणू तिकडून शत्रूचं आरमार यायचं होतं. बराच वेळ गेला. मग पंपाचे ठोके कानांना नाही, डेकमधून तळपायांना कळले, आणि ते बराच वेळ चालले. दत्ता वर आला. डोक्यावर टोपी नसताना फौजेत सॅल्यूट करत नाहीत. दत्ताने केला. मेजरसाहेबांनी तो घेतला. मग दत्ताने खिचडी मागितली आणि आमच्या वाट्याचीही खाल्ली.

इंजिन बंद केलं. वारा पुन्हा उठला, शिडं भरली आणि बोट डावीकडे कलली. संडास डावीकडे होता. सुभेदारसाहेब बंकवर झोपले. मी सुकाणूवर, दत्ता माझ्या शेजारी, पहिल्यांदाच स्वस्थ. तासाभराने मेजरसाहेब नकाशा आणायला खाली उतरले. पहिल्यांदा त्यांच्या पावलाचा आवाज आला, चिखलात पडावं तसा. मग ऑर्डर आली.

“वॉटर इन द केबिन. ऑल हँड्स.”

दत्ता तळातलं पाणी उपसायच्या बिल्ज पंपावर गेला. सुभेदारसाहेब उठून तळाच्या फळ्या उचलू लागले. मेजरसाहेबांनी पाण्यात करंगळी बुडवून जिभेला लावली. खारं होतं. म्हणजे पिण्याची टाकी फुटली नव्हती, बोट फुटली होती. पाणी पोटरीपर्यंत आलं. पंप चालू होता आणि पाणी चढत होतं. मला लाइफ राफ्ट मोकळा करायला सांगितलं. मी त्याचे पट्टे सोडत होतो तेव्हा खाली मेजरसाहेब रेडिओवर संकटाचा इशारा देत होते.

“पॅन पॅन, पॅन पॅन. सेलिंग व्हेसल, टेकिंग वॉटर. फोर ऑन बोर्ड. सोर्स नॉट नोन.”

“रॉजर. स्टँड बाय,” किनाऱ्यावरून उत्तर आलं.

दत्ताचा हात पंपावर थांबला. त्याने संडासाच्या दाराकडे पाहिलं. उठला, दार उघडलं. भांडं काठोकाठ भरून सगळ्या बाजूंनी वाहत होतं. त्याने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, झाकणाआडचे व्हॉल्व्ह चाचपले आणि फिरवले.

“मिल गया, साब,” तो म्हणाला. “बंद किया.”

मेजरसाहेबांनी रेडिओवर सोर्स सापडल्याचं कळवलं. किनाऱ्याने विचारलं, नेचर ऑफ डिफेक्ट? मेजरसाहेबांनी माइकचं बटण दाबलं.

“व्हॉल्व्ह,” ते म्हणाले. “आउट.”

पाणी उपसून झाल्यावर ओल्या केबिनमध्ये चौकशी झाली. सुभेदारसाहेबांचा संताप रास्त होता. त्यांनी ब्रीफिंग दिलं होतं. हा माणूस रत्नागिरीला उतरलाच पाहिजे, असं त्यांचं मत पडलं. मेजरसाहेबांनी दत्ताला कारण विचारलं. दत्ता सावधानमध्ये उभा होता. केबिनचं छत बुटकं, त्यामुळे मान वाकडी. हिंदीत त्याला सांगता येईना. तो माझ्याकडे बघून मराठीत बोलला आणि मी भाषांतर केलं.

“अण्णा, त्यांस्नी सांगा. आमी शेपटाला. तितं पाणी आलं की कुनी बंद करत न्हाय. आपलं भिजलं की पाटाचं दार तसंच सोडायचं, पुढचा येऊन वळवून न्हेतो. चालू पाणी बंद करायला हातच जात न्हाय ओ.”

सुभेदारसाहेबांच्या गावी पाणी नको म्हटलं तरी दारात येतं. त्यांना हा निव्वळ उद्धटपणा वाटला. मेजरसाहेबांनी पायातला ओला मोजा काढला. त्यांची जमीनही कालव्यावरची होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

“अगली बारी किसकी थी?” त्यांनी विचारलं.

दत्ताने प्रामाणिकपणे सांगितलं. “सूबेदार साब की, सर. सो रहे थे.”

“तो पानी उन्हीं के खेत में गया,” मेजरसाहेब म्हणाले आणि मोजा पिळू लागले.

रत्नागिरी आम्ही न थांबता मागे टाकलं. सुभेदारसाहेब गोव्यापर्यंत आमच्याशी बोलले नाहीत. कोचीपर्यंत व्हॉल्व्हची ड्यूटी दत्ताकडे होती. कुणीही बाहेर आलं की तो आत जाऊन हात लावून बघायचा, अगदी मेजरसाहेबांच्या मागूनही. कोचीला पुन्हा बँड होता.

दत्ता त्यानंतर काही वर्षांनी गेला. समुद्रात नाही आणि शत्रूच्या हातूनही नाही. आमची तुकडी एका शहरात पूर आला तेव्हा मदतीला गेली होती. दत्ता रबरी बोट घेऊन एका वस्तीत जात होता. दोन फेऱ्यांत त्याने छपरांवरची माणसं आणली. मी काठावर रेडिओवर होतो. तिसऱ्या फेरीत त्याचा आवाज आला, “दोन म्हाताऱ्या हायेत, अण्णा. घिऊन येतो.” मी रॉजर म्हटलं. पाण्याखालच्या विजेच्या तारेत बोट अडकून उलटली. दोघी म्हाताऱ्या लिंबाच्या झाडाला धरून राहिल्या आणि वाचल्या. दत्ता दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याखाली सापडला. त्याला गावी मी घेऊन गेलो.

ग्रामसभेत पुतळ्याचा ठराव झाला. भाषणं झाली. तात्या शेवटी उभे राहिले. बोटीवरची ती हकिगत मी त्यांना सांगितली होती, ते तेव्हा हसले नव्हते.

“पुतळा बसवायचा तर बसवा,” ते म्हणाले. “पर शाळंतल्या पोरी अजून उसात जात्यात. चार मानसांच्या म्होरं किती अवघड वाटतं, त्ये माझ्या पोराला ठावं होतं. आधी त्यांचं बघा.”

कुणाला नाही म्हणता येईना. दोन्ही कामं एकाच वर्षी पुरी झाली. शाळेच्या संडासाचं उद्घाटन झालं नाही. कडी बसली त्या दिवसापासून मुली तो वापरू लागल्या. पुतळा अजून कापडाखाली आहे. मंत्र्यांची तारीख मिळालेली नाही.