भिंतीपलीकडचा तवा

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी भागिरथा धोतराच्या जुन्या फडक्यावर बटाट्याच्या चकत्या कोरड्या करत बसली होती. हात फडक्यावर, कान भिंतीकडे. पलीकडे तिची थोरली जाऊ बेबीताई तवा तापवत होती. कामरगावातलं घर दोघा भावांत वाटलं गेलं, तेव्हा अंगणात ही खांद्याएवढी भिंत आली.

भागिरथेचा राग वाटणीचा नव्हता. तीन वर्षांपूर्वी, सत्तर साली, तिच्या धाकट्या बहिणीचं, हेमलाचं, शिरपूरला जमलं होतं. मुलाकडची माणसं बेबीताईकडे चहाला थांबली आणि तिनं सांगून टाकलं, की पोरीला फिट येते. फिट आली होती, पण एकदाच, पाचव्या वर्षी, तापात. सोयरिक मोडली. हेमला पुढे दोन लेकरांच्या बिजवराला दिली. भागिरथा भांडली नाही. तिनं जावेचा उंबरा सोडला, जावेनं तिचा.

आता बेबीताईचा जावई इंद्रभान लग्नानंतर पहिल्यांदाच मुक्कामाला आला होता. कारंज्याला सरकारी नोकरी, आणि चटकन रुसणारा. लग्नात भिंतीवरून गेलेले भागिरथेच्या हातचे कुरकुरीत बटाटे त्यानं खाल्ले होते. काल येताच तेच मागितले. बेबीताईला भिंतीवरून विचारावं लागलं.

"कशे करतं वं तू थे आलू?"

भागिरथेनं सांगितलं. रुपयाएवढ्या जाड चकत्या, दोनदा पाणी, फडक्यावर कोरड्या, लोखंडी तवा, करडीचं तेल चांगलं तापलेलं, कड लाल होईस्तोवर हात लावायचा नाही. मीठ कधी टाकायचं, ते सांगितलं नाही. वांगं असो की बटाटा, जाऊ तव्यावर टाकण्याआधीच मीठ-हळद चोळून ठेवते, हे तिला ठाऊक होतं.

पलीकडे चर्र झालं. मग आवाज बसत गेला, ओला झाला, आणि कालवणासारखी खदखद ऐकू आली. मिठानं पाणी सोडलं होतं. भागिरथेनं आपला तवा चुलीवर चढवला.

"मामी, हे तं भाजी झाली," इंद्रभान सासूला म्हणाला.

थोड्या वेळानं भिंतीवर त्याचं डोकं दिसलं. "काकू, तुमच्याकडं काय तळून राह्यले?"

"या जवाईबापू. पाट मांडेल हाय."

तो आला, जेवायला बसला. मागोमाग बेबीताई रिकामी वाटी घेऊन दारात उभी राहिली. भागिरथा तव्यावरून उतरवलेल्या चकत्यांवर चिमटीनं मीठ भुरभुरत होती.

बेबीताईनं ते पाहिलं. "मिठाचं मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी हेमलाचं सांगाच्या आंधी मले इचारलं होतं काय?"

"कोण हेमला?" इंद्रभाननं मान वर केली.



"सांगा ना, जाऊबाई. तुमाले तं सांगता चांगलं येते."

वाटीकडे पाहत बेबीताईनं सांगितलं. दोन वाक्यांत. इंद्रभानचा हात ताटावर थांबला. सासूकडे त्यानं एकदा पाहिलं, मग पुढची चकती उचलली. ती दाताखाली फुटल्याचा आवाज दारापर्यंत गेला.

भागिरथेनं उरलेल्या चकत्या त्याच्या ताटात ओतल्या. वाटी तशीच परत गेली.

इंद्रभानची कारंज्याची गाडी परवाची आहे. उद्या अकरा वाजता तो भागिरथेकडेच जेवणार आहे.