पंचनाम्यात न आलेला कागद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मुदतीआधी नोकरी सोडली तेव्हा कारण म्हणून रक्तदाब लिहिला. खरं कारण ही केस.

साथीचे दिवस होते. कागलच्या पुढं कर्नाटकाची हद्द लागते. मी त्या पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात अधिकारी होतो. संध्याकाळी आदेश आला, उद्यापासून पासाशिवाय हद्द ओलांडायची नाही. घर इकडं आणि शेत तिकडं, अशी माणसं आमच्याकडं गावोगाव. पासाचे अर्ज छापलेले नव्हते. मी बाजारातल्या झेरॉक्सवाल्याला बोलावून अर्जाचा नमुना दिला. घाईत त्यावर ठाण्याचा शिक्का मारला गेला होता, तोही तिरका.

"असेच काढून ठेव, लोक आले की दे," एवढंच म्हणालो. लोकांनी अर्ज भरून ठाण्यात आणायचा, आम्ही तपासून शिक्का मारायचा, हे माझ्या मनात. तोंडून निघालं नाही.

चौथ्या दिवशी एका दूधवाल्यानं खबर दिली. "सायेब, तुमचा पास दुकानात मिळतोय की! झेरॉक्सच्या भावात."

नाक्यावर पास तपासले. हातानं मारलेला शिक्का दर वेळी वेगळा पडतो. इथं प्रत्येक कागदावर तोच तिरकेपणा, तीच डावीकडची उडालेली कड. सगळ्यांची आई एकच होती आणि ती म्हणजे मीच दिलेला नमुना, हे मला तिथंच कळलं. तोवर वरून फोन सुरू झाले होते, "आरोपी कोण?"

दुकानावर गेलो. पंच यायचे होते. ड्रॉवरमध्ये मूळ कागद होता, निळ्या शाईचा. तो मी घडी करून खिशात घातला. बरोबरचा हवालदार बाहेर बघत राहिला.

खोटं बोलणारा आधी तपशील देतो, खरं बोलणारा आधी चिडतो, असा माझा अनुभव. हा झेरॉक्सवाला चिडला.

"आवो, तुमीच दिल्यासा की! पोलिसानं शिक्का मारून दिलेला कागद पास न्हाय तर काय लग्नपत्रिका हाय व्हय?"

"कुठाय तो कागद?" मी विचारलं.

त्यानं ड्रॉवर उपसला, मग माझ्या खिशाकडं बघितलं. मी पंचनाम्यावर त्याची सही घेतली आणि बनावट पासाचा गुन्हा लावला. त्याचं दुकान गेलं. केस अजून चालू आहे.

गेल्या महिन्यात मला साक्षीचं समन्स आलं. प्रत काढायला कसबा बावड्यात एका दुकानात शिरलो, तर मशीनवर तोच. दुसऱ्याच्या दुकानात, पगारी. त्यानं समन्स वाचलं, काचेवर सरळ लावलं, प्रत हातात दिली.

"बरं हाय न्हवं, सायेब?"

"बरं आहे," मी म्हणालो.

"मग जे झालतं तेच सांगा. आमी तवाबी तेच सांगितलंतं."

नोकरीत मी माणसं ओळखायला शिकलो, असं सगळे अधिकारी लिहितात. मी शिकलो ते एवढंच की, आपली चूक झाकायला गरिबाची सही पुरते.

तो निळ्या शाईचा कागद मी फाडला नाही. कपाटात आहे. साक्षीच्या दिवशी तो कोर्टापुढं ठेवायचा, एवढं मी त्या माणसाचं देणं लागतो.