गच्चीवरची टिटवी

इस्त्रीवाल्या काकूंचा नवरा गवंडी. आयुष्यभर सिमेंट छातीत गेलेलं. गच्चीवरची पाण्याची टाकी बघून शिडीवरून उतरला, तो खाटेवर पडला तो पडलाच. उतरताना एवढंच म्हणाला, "वरच्या खडीत टिटवीनं चार अंडी घातलीत. टाकीकडे कुणी फिरकू नका."

त्यानंतर रोज तो उशाजवळच्या भिंतीवर गवंडीकामाच्या लाल पेन्सिलीनं एक रेघ ओढायचा. काकूंना वाटलं, आजाराचे दिवस मोजतोय.

टिटवी दिवसभर ओरडायची. नणंद भावाला बघायला आली आणि दारातच थबकली.

"वहिनी, टिटवी घरावर ओरडतेय आणि तू खुशाल शर्टांच्या घड्या घालतेस? माणूस नेते ती!"

"अहो वन्सं, पक्षी आहे तो. ओरडणारच."

"दादाला काही झालं, तर सांगितलं नाही म्हणू नकोस."

दोन दिवस काकूंचं कामात लक्ष लागेना. एका शाळेच्या गणवेशाची कॉलर करपली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो झोपलेला बघून त्या सुपली घेऊन वर गेल्या. टिटव्या डोक्यावर झेपावत होत्या. काकूंनी पदर डोक्यावर ओढला, अंडी खडीसकट सुपलीत भरली आणि मागच्या झुडपांत नेऊन ओतली.

पक्षी संध्याकाळपर्यंत आक्रोश करत राहिले. दुसऱ्या दिवशी सगळं चिडीचूप.

"अगं, टिटवी गप्प का?" त्यानं विचारलं.

"पिल्लं निघाली. उडून गेली सगळी."

त्यानं भिंतीकडे पाहिलं. मग काकूंकडे.

"टिटवीची पिल्लं लगेच उडत नसतात गं. आधी नुसती पळतात. आणि अंडी फुटायला अजून नऊ दिवस होते." धाप लागली म्हणून तो थांबला. "म्हटलं होतं, ती बाहेर येईपर्यंत तरी टिकायचं."

काकूंनी त्याची चादर उगाच सारखी केली.

"असू दे," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. पेन्सिल पुन्हा हातात घेतली नाही. सहाव्या दिवशी गेला.

नणंद गळ्यात पडून रडली. "बघितलंस ना वहिनी? शेवटी टिटवीनं नेलाच माझ्या दादाला!"

काकूंच्या समोर भिंत होती. एकोणीस रेघा.

"हो वन्सं," त्या म्हणाल्या. "टिटवीनंच."