सुटलेलं स्पिंडल

कारखान्यात त्याला सगळे भडका म्हणत. हात सोन्याचा, पण डोकं तापलं की त्याच हाताची मूठ व्हायची. एका बुक्कीत त्याने फोरमनचे दोन दात पाडले होते. म्हणूनच तीस वर्षं लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काढूनही तो टर्नर म्हणून लागला तसाच टर्नर म्हणून निवृत्त झाला. बायकोवर त्याने कधी हात उचलला नाही. कपबशा मात्र भिंतीवर पुष्कळ फुटल्या.

निवृत्तीनंतर त्याने मागच्या खोलीत एक छोटा लेथ बसवला. वाफेच्या इंजिनांचे हातभर लांबीचे नमुने करायचे, त्यांचे बारीक स्क्रूसुद्धा स्वतः कातायचे, हा त्याचा शौक. धाकटा भाऊ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. त्याने जुन्या ट्रेडमिलची मोटर लेथला जोडून दिली. आता हवा होता एन्कोडर. लेथचं स्पिंडल, म्हणजे कातायचं लोखंड धरून फिरणारा पोकळ दांडा, किती वेगाने फिरतंय हे एन्कोडर मशीनला क्षणाक्षणाला कळवतो आणि त्यावरून मशीन मोटरचा जोर कमी-जास्त करते.

धाकट्याने दोन आणले. एक चुंबकाचा, बंद डबीतला. दर फेऱ्याला मशीनला मिळणाऱ्या खुणा कमी, पण तेल-कचऱ्याला दाद न देणारा. दुसरा जुन्या प्रिंटरमधला. पातळ पारदर्शक चकती, तिच्यावर केसाएवढ्या रेघा, बाजूला उजेड टिपणारा डोळा, आणि सगळं उघडं. भडक्याने उघडाच उचलला. रेघा जास्त म्हणजे स्क्रूचे आटे अचूक, असं त्याचं गणित.

"दादा, हा नको," धाकटा म्हणाला. "तेलाचा एक शिंतोडा बसला की हा आंधळा. मशीनला वाटेल स्पिंडल थांबलंय. ती जोर वाढवतच नेईल."

"तू रेडिओ बघ. लोखंड मला कळतं."

धाकट्याने नाइलाजाने तोच बसवून दिला. पण दोन दिवस मशीन चालवू नकोस, असं बजावलं. एन्कोडरकडून खुणा यायच्या बंद झाल्या की वीज आपोआप तुटेल, अशी सोय तो करून आणणार होता. भडका कसला थांबतोय! दुसऱ्याच दिवशी दुपारी त्याने लांब सळई लावली, सढळ हाताने तेल सोडलं आणि बटण दाबलं.

धाकटा ती सोय घेऊन फाटकातून आत येत होता, तेवढ्यात मोटरचा आवाज चढला. आधी घुमला, मग किंचाळला. स्पिंडलच्या मागून बाहेर आलेली सळई थरथरली, काटकोनात वाकली आणि चाबकासारखी फिरायला लागली. पहिल्या फटक्यात खिडकीचा चुरा झाला, दुसऱ्यात फळी उडाली, तिच्यावरच्या चार इंजिनांचा भुगा झाला. बटण त्या फेऱ्याच्या पलीकडे. भडका तरी वाकून हात घालायला गेला. सळईचं टोक त्याच्या गालाचं कातडं आणि कानाची पाळी घेऊन गेलं. तो भिंतीवर आदळला.

धाकटा जमिनीवरून सरपटत गेला आणि त्याने प्लग उपटला. मशीन थांबेपर्यंत सळईने आणखी दोन खड्डे भिंतीत पाडले.

सगळं शांत झाल्यावर धाकटा धापा टाकत एवढंच म्हणाला, "सांगितलं होतं ना, दादा."

भडक्याच्या हाताला मोठा पाना लागला. धाकट्याने डोकं वाचवायला हात वर केला आणि पाना त्या मनगटावर बसला. लोखंड मोडल्याचे सगळे आवाज भडक्याला ओळखीचे होते, हा नव्हता. तरी त्याने पाना पुन्हा उचलला. मध्ये बायको उभी होती.

"आता मला मारा," ती म्हणाली. आवाजसुद्धा चढवला नाही.

पाना त्याच्या हातातून गळला.

दवाखान्यात धाकट्याने सांगितलं, हात मशीनमध्ये सापडला. शेजारच्या स्टुलावर भडक्याच्या गालाला टाके घालणं चाललं होतं. सुई गालात असतानाच तो म्हणाला, "खोटं बोलतोय तो. मी मारलं, पान्याने." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं, पोलीसही आले. धाकट्याने तक्रार दिली नाही. पण भावाला दारही उघडलं नाही, तब्बल पाच महिने. हाड वाकडं जुळलं. बारीक तार सोल्डर करताना उजवा हात थरथरू लागला, आणि ज्याचं पोट त्या हातावर, त्याच्याकडे लोक काम द्यायला कचरू लागले.

भडक्याने चकती काढून उजेडात धरली. तिच्यावर तेलाचा एकच थेंब होता. चुंबकाचा एन्कोडर आणि धाकट्याने आणलेली वीज तोडायची सोय त्याने स्वतः बसवली, तारा सोल्डर करताना बोटं भाजून घेतली. अडलं की बायकोबरोबर धाकट्याला चिठ्ठी पाठवायचा. उत्तर यायचं, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात. एकही शब्द जास्त नाही.

सहाव्या महिन्यात एका दुपारी धाकटा स्वतः आला. दाराशी उभा राहून त्याने चालू मशीनवर एन्कोडरची तार उपटायला सांगितली. भडक्याने उपटली. मोटर जागच्या जागी मेली. धाकट्याने तेच वीस वेळा करायला लावलं, आणि भडक्याने निमूटपणे केलं.

"दादा, मला अजून तुझी भीती वाटते," धाकटा म्हणाला.

भडक्याने हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाला, "वाटणारच. माझ्या हातात काही असलं की तू आत येऊ नकोस."

धाकटा आत आला नाही. पण गेलाही नाही. दारातूनच त्याने पुढची तार कुठे जोडायची ते सांगितलं.