राजवाड्याचं दार

नवरा राजवाड्यावर तोंडघशी पडला. राजवाडा म्हणजे नाटकाचा पडदा, आमच्या खळ्यात सारवलेल्या जमिनीवर अंथरलेला. मी कडेला चुलीवर सरस शिजवत होते. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा असतो, वास घाण, पण त्याच्याशिवाय रंगाची पूड कापडाला धरत नाही. मला वाटलं, पाय घसरला. ओरडले, "पिवळा सांडवला ना जी!" तो उठला नाही. उताणा केला तर तोंड एका बाजूला ओढलेलं आणि उजवा हात ओल्या चिंधीसारखा.

शेजारी माझी जाऊ राहते. तिनं गाडी बोलावली, भंडाऱ्याला नेलं. लकवा. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. हात आणि बोलणं परत येईल की नाही, सांगता येत नाही.

घरी, दिघोरीला परत आणला तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवायचा नाही. जन्मभर त्यानं पडदेच रंगवले. जंगल, दरबार, रस्ता, तुरुंग. दुसरं काही त्याला येत नाही, शेतीसुद्धा नाही. पडदा गेला तर माणूसही जाईल, हे मला दिसत होतं. मी रडले नाही. रडून सरस शिजत नाही.

मग नाटक मंडळाचा मालक आला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. त्याच्या पहिल्या नाटकाला राजवाडा हवा होता.

"वहिनी, आता मी फ्लेक्सच छापून आणतो."

"काहून? अर्धा पडदा झाला हाये."

"बाकीचा अर्धा कोण करन?"

"मी."

तो हसला. "तुमी त रंग भरता. चित्र कोठी काढता?"

खरं होतं. मी चौथी शिकले, आणि आमच्या शाळेत चित्रकला नव्हती. पण फ्लेक्स एकदा आला की रंगवलेला पडदा परत कोणी मागत नाही, हेही खरं होतं. म्हटलं, "राजवाडा काही खरा थोडीच बांधाचा हाये, भाऊ? मंडईच्या आधी येऊन पाहा. नाही पटला त चुलीत घालजा."

त्यालाही फ्लेक्स मनापासून नको होता. लाइट पडला की फ्लेक्स चमकतो आणि त्याच्यापुढे नटांची तोंडं दिसत नाहीत. "पाहतो," म्हणाला आणि गेला.

खांब आणि सिंहासन नवऱ्यानं आधीच काढलं होतं. दार राहिलं होतं. दार माणसापेक्षा उंच हवं. मोजायला कोणी नव्हतं, म्हणून मीच पडद्यावर आडवी झाले आणि डोक्याच्या वर थोडी जागा सोडून कोळशानं खूण केली. दार काढलं, रंगवलं, वाळू दिलं. मग जावेला बोलावून पडदा दोन कडुनिंबांना बांधून टांगला आणि नवऱ्याची खाट समोर ओढली.

त्यानं पाहिलं आणि डावा हात डोक्यावर आपटायला लागला.

"डोस्कं दुखून राहिलं का जी?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. पुन्हा आपटला.

"पडदा पाहून दुखत असन वो," जाऊ म्हणाली. "माह्यं बी दुखून राहिलं."

तो रागानं लाल झाला. ओढलेल्या तोंडातून आधी थुंकी उडाली, मग शब्द आला. "मु... मुकुट!"

मी ठेंगणी. नाटकातला राजा उंच, वर त्याला मुकुट. तो माझ्या दारापुढे उभा राहिला असता तर मुकुट चौकटीच्या वर गेला असता आणि सगळी मंडई हसली असती. रंग मी भरत आले, पण माप नेहमी त्यानंच घेतलं, मुकुट धरून.

जाऊ तोंडाला पदर लावून हसत होती. "भाऊजी बोलले, ते बी राजासाठी! बायकोले अजून 'पानी दे' नाही म्हटलं."

मी पडदा सोडून खाटेपुढे अंथरला. उभ्यानं रेघ मारायची त्याची लांब काठी आहे, टोकाला कोळसा बांधलेली. ती त्याच्या डाव्या हातात दिली. त्यानं बसल्या जागेवरून नवी कमान ओढली. थांबत थांबत ओढली.

"वाकडी हाये," मी म्हटलं.

"हा... ओ," त्यानं कबूल केलं आणि पुन्हा ओढली. तीही वाकडीच. मी तशीच रंगवली. जुनी चौकट रंगाखालून दिसत होती, तिच्यावर तोरण काढलं. त्या दिवशी त्यानं भात मागून घेतला.

मालक आला, पडद्याभोवती फिरला, तोरणापाशी थांबला. मग पडदा गुंडाळायला लावला. जाताना नवऱ्याला म्हणाला, "भाऊ, आता जंगल काढा. झाडं वाकडी असली त चालते."

जंगल झालं. त्यानंतर रस्ता झाला. उजवा हात अजून तसाच आहे. बोलतो तुटक तुटक, बहुतेक माझ्या चुका सांगायला. काठी तो धरतो, ब्रश मी धरते. तो पडला त्या दिवशी खळ्यात तो होता आणि मी होते. दोघंही अजून आहोत.